ऐंशी किलोचा काटेवाला

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळं गाव काटेवाला म्हणायचं. किराणा दुकानातला छोटा काटा असो, वखारीतला गोण्यांचा असो की दवाखान्यातला माणसं उभी राहतात तो असो, त्याचा हात लागल्याशिवाय एकाही काट्याचं वर्ष सरत नसे. मापखात्याचं प्रमाणपत्र त्याने दुकानात काच लावून टांगलं होतं. त्याच्याखाली बसून तो स्प्रिंगा पुसायचा आणि आलेल्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "काटा खोटं बोलत नाही हो. खोटं बोलतात ती माणसं."

हे वाक्य त्याला फार आवडायचं. पुढे तेच त्याच्या गळ्याशी आलं.

त्याची एक खोड आधी सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. छोटे काटे तपासायला त्याच्याकडे पितळी वजनांची पेटी होती, आणि ती वजनं तो सोन्यासारखी जपायचा. मोठे काटे तपासायला मात्र वीस-वीस किलोची लोखंडी वजनं लागतात. ती ढकलगाडीवर चढवा, गावभर ओढा, जिने चढवा, परत उतरवा. कुणाला हौस आहे? काटेवाल्याला तर मुळीच नव्हती. ती वजनं दुकानाच्या कोपऱ्यात गंज खात पडलेली असायची, आणि त्यांच्यावर तो छत्री आणि डबा ठेवायचा.

त्याला ती लागतच नसत. तरुणपणी प्रमाणपत्र घ्यायला तो खात्याच्या कचेरीत गेला होता, तेव्हा तिथल्या मोठ्या काट्यावर गंमत म्हणून चढला होता. पायात बूट, खांद्याला हत्यारांची पिशवी. सुई बरोबर ऐंशीवर थांबली. केसभर पुढे नाही, केसभर मागे नाही. तेव्हाचे म्हातारे निरीक्षक हसून म्हणाले, "अरे, तू तर चालतंबोलतं वजन आहेस!"

ते चेष्टेत बोलले, याने मनावर घेतलं. तेव्हापासून मोठ्या काट्यासाठी तो स्वतःच वजन झाला. बूट घालून, पिशवी लावून काट्यावर चढायचं, लांब स्क्रूड्रायव्हरने बाजूचा स्क्रू पिळत राहायचं आणि सुई ऐंशीवर आली की उतरायचं. झालं काम. गावालाही ते पसंत होतं, कारण काम पटकन व्हायचं आणि जिन्यात लोखंड आपटून पायऱ्यांचे टवके उडत नसत.

गेली काही वर्षं मात्र दरवर्षी फेरीला गेलं की एक गोष्ट व्हायची. तो काट्यावर चढला की सुई ऐंशीच्या जरा पुढे जाऊन थांबायची. तो च्च च्च करायचा. "बघा, वर्षभरात पुढे गेला. आत धूळ बसते, हवा दमट, दुसरं काय!" मग स्क्रू पिळून तो तिला पुन्हा ऐंशीवर आणायचा. वखारीतला काटा पुढे, दवाखान्यातला पुढे, गिरणीतलाही पुढे. गावातले सगळे काटे एकाच दिशेला आणि एकाच मापाने बिघडतात, याचं त्याला कधी नवल वाटलं नाही. हल्ली लोखंडच चांगलं येत नाही, असं तो हळहळून सांगायचा.

मधल्या काळात त्याच्या पट्ट्याला नवी भोकं पडत गेली. शर्टाची खालची बटणं कायमच्या रजेवर गेली. बुटाची नाडी बांधायला बायको लागू लागली, आणि ती बांधता बांधता ती वर बघायची तेव्हा तिला नवऱ्याचं तोंड दिसत नसे. पण आपण ऐंशी किलो आहोत याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गावातला एकूण एक काटा तेच तर सांगत होता.

गावाचं म्हणाल तर गाव खुशीत होतं. न धावता, न उपाशी राहता माणसं दरवर्षी थोडीथोडी हलकी होत होती. आपली बायको लग्नातल्या वजनावर परत आली असं न्हावी अभिमानाने सांगायचा, आणि बायकोकडे न बघता सांगायचा. वखारवाला माल याच काट्यावर विकत घ्यायचा, त्यामुळे त्याला काही खटकलं असलंच तरी तो मूग गिळून बसला होता. सगळ्यात भरभराट झाली ती सडपातळ केंद्राची. केंद्राच्या मालकीणबाई अंगाने काठीसारख्या होत्या, म्हणून गाव त्यांना काठीबाई म्हणायचं. त्यांच्याकडे वर्षभर लोक दोरीच्या उड्या मारायचे, घाम पुसायचे आणि होते तसेच राहायचे. मग वर्षअखेरीच्या वजनाच्या आदल्या दिवशी काठीबाई काटेवाल्याला बोलावून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी झाडून सगळे दोन-तीन किलोने उतरलेले! टाळ्या वाजायच्या, काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि पुढच्या वर्षाची नावनोंदणी तिथल्या तिथे उरकायची.

"तुमच्या हाताला यश आहे हो," काठीबाई म्हणायच्या.

"आपण काय, फक्त खरं ते दाखवतो," काटेवाला लाजून म्हणायचा.

आता डोळ्यांना जे दिसतं ते दिसतंच. काटा ऐंशी म्हणाला तरी लोक त्याच्याकडे बघून मनातल्या मनात आकडा वाढवायचे, आणि असं का झालं असेल यावर ज्याचं त्याचं मत होतं. न्हाव्याच्या मते हा बसून बसून असा झाला. शेजारी म्हणे, घराण्यातच असणार. काठीबाई म्हणायच्या, मन कमकुवत. बायकोचा संशय सरळ होता: हा दुकानात चोरून काहीतरी हादडतो. तिने एकदा भरदुपारी दुकानावर धाड घातली, पेटीसुद्धा उघडून बघितली. आत पितळी वजनंच होती. काटेवाल्याचं स्वतःचं मत असं, की आपली हाडं रुंद आहेत.

गुडघे दुखायला लागले तेव्हा बायकोने त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर काही म्हणायच्या आत तो सवयीने बूट-पिशवीसकट काट्यावर चढला. सुई ऐंशीवर गेली. डॉक्टरांनी पोटाकडे बघितलं, सुईकडे बघितलं, चष्मा पुसला आणि पुन्हा सुईकडे बघितलं.

"उंचीच्या मानाने थोडं जास्त आहे, फार नाही," ते म्हणाले.

"अहो, पण यांची विजार?" बायको म्हणाली. "मांडीत चढत नाही."

"कापड आटतं," डॉक्टर म्हणाले. शिकलेला माणूस, मापावर विश्वास ठेवणारा. मग त्यांनी रीतसर चौकशी केली. झोप कशी आहे? चिंता आहे का? वडील जाड होते का? आणि शेवटी विचारलं, "दिवसाला जेवणं किती?"

काटेवाल्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं. "दोन," तो म्हणाला.

हे खोटं होतं. जेवणं तीन होती.

ते असं. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याची आई याच घरात राहायची. स्वयंपाकघर एक आणि बायका दोन, तरी फार काही बिघडलं नव्हतं. भांडण झालं ते मिठावरून. आईचं म्हणणं, सुनेच्या हातचं अळणी असतं. सुनेचं म्हणणं, सासूबाईंचा हात खारट. एका संध्याकाळी दोघींनी दोन पातेली त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, आता तूच सांग, आता तुम्हीच सांगा. जन्मभर मापाचं काम केलेला माणूस! त्याने या पातेल्यातला घास खाल्ला, त्या पातेल्यातला घास खाल्ला आणि म्हणाला, "दोन्ही छान."

एवढ्याने कुणाचं समाधान होतं? पुढच्या आठवड्यात आई दोन गल्ल्या पलीकडे, मामाच्या रिकाम्या खोलीत राहायला गेली. जाताना म्हणाली, "मला एकटीला कुठला घास गोड लागणार? पण तुम्ही सुखी राहा." हे शेवटचं वाक्य त्याच्या छातीत रुतून बसलं. पहिल्याच दिवशी दुकान बंद करून तो आईकडे गेला. तिने ताट वाढलं, स्वतःचंही वाढलं. तो जेवला तेव्हा ती जेवली. मग तो घरी आला. मुलगी झोपलेली, बायको ताटं मांडून थांबलेली. "तुमच्याशिवाय घशाखाली उतरत नाही," ती म्हणाली. तो पुन्हा जेवला.

दुसऱ्या दिवशीही तेच आणि तिसऱ्या दिवशीही. बायकोला सांगावं तर ती म्हणणार, म्हणजे माझं अळणी वाटतं म्हणून तिकडे जेवता. आईला सांगावं तर ती म्हणणार, जा बाबा, आता मी तुला खारट लागायला लागले. म्हणून त्याने सोपा मार्ग काढला. आईसमोर म्हणायचं, "तिच्या हातचं काय, अळणी." बायकोसमोर म्हणायचं, "आईचं आपलं खारटच व्हायचं." दोघी खूश, दोघी पुढच्या घासाला आग्रह करणार. एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं रोज एक जेवण जास्त जेवला. याला चांगुलपणा म्हणायचा की भित्रेपणा, हे ज्याने त्याने ठरवावं. मला विचाराल तर भित्रेपणा, वर भाताचा ढीग.

हे असंच चालू राहिलं असतं, पण सडपातळ केंद्रात येणाऱ्या एक शाळामास्तरीण सुट्टीत बहिणीकडे परगावी गेल्या आणि तिथे सहज काट्यावर चढल्या. खाली उतरल्या त्या बहिणीशी भांडूनच. तुझा काटा भिकार आहे, म्हणाल्या. बहीण म्हणाली, चल स्टेशनवर. तिथला काटाही तेच बोलला. मग मास्तरीणबाईंनी तीन दुकानं पालथी घातली, आणि परत आल्या त्या थेट मापखात्यात तक्रार करूनच. वर्षभर अर्धपोटी राहून, टाळ्या घेऊन, बक्षिसाचा टॉवेल मिळवून त्या होत्या त्याहून जाड झाल्या होत्या. तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय!

खात्यात आता नव्या निरीक्षकबाई आल्या होत्या. तरुण, कमी बोलणाऱ्या आणि हसणं वाया न घालवणाऱ्या. त्या दोन हमाल आणि पाच लोखंडी वजनं घेऊन सडपातळ केंद्रात आल्या. काटेवाल्यालाही बोलावलं. काठीबाई, मास्तरीणबाई आणि दोरीच्या उड्या अर्ध्यावर सोडून आलेली मंडळी भोवती उभी राहिली. हमालांनी एकेक करून पाचही वजनं काट्यावर ठेवली.

शंभर किलो लोखंड आणि सुई ऐंशीवर.

"हा काटा कशाने जुळवला?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

वजनं उतरवल्यावर, जणू सवयीनेच, काटेवाला पिशवी खांद्याला लावून काट्यावर चढला. सुई ऐंशीवर येऊन थांबली.

मग मास्तरीणबाईंनी, गणित शिकवत असल्यामुळे असेल, सगळ्यांत आधी तोंड उघडलं. "म्हणजे हे गृहस्थ शंभर किलो आहेत. आणि यांनी सगळ्या गावाला आपल्या मापाने मोजलंय!"

काटेवाल्याची पाचावर धारण बसली. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला प्रमाणपत्राची भीती नव्हती वाटत. त्याला वाटत होतं, शंभर? मी? त्याने खाली बघितलं. पाय दिसले नाहीत. ते बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते, हे त्याच्या आता लक्षात आलं.

काठीबाईंनी निरीक्षकबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काटा आहे तसाच ठेवला तर चालणार नाही का? लोकांच्या मनाला उभारी येते हो." निरीक्षकबाई तिथून वळल्या. त्या काटेवाल्याला म्हणाल्या, "सोमवारी कचेरीत या. तुम्ही हे मुद्दाम केलं असेल तर प्रमाणपत्र गेलं. चुकून झालं असेल तर मला एक समजावून सांगा. माणूस वीस किलोने वाढतो आणि त्याला कळत नाही, हे कसं होतं? कशाने वाढलात, कसे वाढलात, सगळं सांगा. मला पटलं तर बघू. आणि घरचं कुणीतरी बरोबर आणा. एकट्याच्या शब्दावर मी जाणार नाही."

झाली ना पंचाईत? धंदा वाचवायचा तर आपण जाड का झालो हे सांगायला हवं, आणि तेही बायकोच्या देखत!

सोमवार येईपर्यंत त्याने दुसरं एखादं कारण शोधायची पराकाष्ठा केली. डॉक्टरांकडे जाऊन त्याने हात जोडले. "काहीतरी आजार काढा हो. ग्रंथी म्हणा, रक्त म्हणा. तुम्ही लिहून द्याल ते मला चालेल." डॉक्टर त्याच्यावर आधीच खार खाऊन होते, कारण त्यांच्या काट्याच्या भरवशावर त्यांनी अर्ध्या गावाला तब्येत सुधारली म्हणून सांगितलं होतं. तरी त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. "दुर्दैवाने तुम्ही ठणठणीत आहात," ते म्हणाले. "आजार नाही, औषधं नाहीत, झोप भरपूर. तुमचं कारण तुमच्यापाशीच आहे. ते माझ्या नळीतून ऐकू येत नाही."

सोमवारी बायको निघाली त्याच्याबरोबर. कचेरीच्या व्हरांड्यात पोचतात तर तिथल्या बाकावर आई आधीच बसलेली. गावात बातमी लपते थोडीच! "माझा मुलगा लबाड नाही, हे सांगायला आलेय मी," ती समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाली. सून दुसऱ्या भिंतीकडे बघत राहिली. मधे काटेवाला बसला. बाक करकरला.

आत बोलावल्यावर तिघांना एका ओळीत खुर्च्या मिळाल्या. खोलीच्या कोपऱ्यात खात्याचा तोच जुना मोठा काटा होता, ज्याने त्याला तरुणपणी ऐंशी सांगितलं होतं. काटेवाल्याने तिकडे बघायचं टाळलं.

"सांगा," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"आमच्या घराण्यातच आहे," त्याने सुरुवात केली.

"काय आहे घराण्यात?" आई म्हणाली. "तुझे वडील जन्मभर काटकुळे. शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायचा त्यांच्या अंगावर."

"मग झोपेचं. झोप नीट होत नाही माझी."

"झोप?" बायको म्हणाली. "अहो, शेजारी जागे असतात तुमच्या घोरण्याने."

"चिंता, मग."

"कसली चिंता?" दोघी एकदम म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या दोघींचं एकमत झालं ते हे पहिलंच.

निरीक्षकबाईंनी मान वर केली. "हे बघा. लबाडी मला कळते, ती रोज बघते मी. तुमचं मात्र कळत नाही. खरं काय ते एका वाक्यात सांगा. नाहीतर मी माझं लिहिते."

एका वाक्यात. त्याने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. भिंतीवर टांगलेली लोकांची प्रमाणपत्रं बघितली. प्रमाणपत्र गेल्यावरची दुकानातली आपली रिकामी खुंटी त्याला डोळ्यांसमोर दिसली, आणि स्क्रूड्रायव्हरशिवाय दुसरं काही न येणारे आपले हात.

"मी रोज संध्याकाळी दोनदा जेवतो," तो म्हणाला. "आधी आईकडे. मग घरी."

बायको हळूच त्याच्याकडे वळली. "कधीपासून?"

"आई वेगळी राहायला गेली तेव्हापासून."

"रोज?"

"रोज. मी नाही जेवलो तर ती उपाशी झोपेल. आणि तू थांबलेली असतेस. मग मी काय करू? दोघींपैकी कुणाला उपाशी ठेवू?" त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. एवढ्या वर्षांचा त्याग असा कचेरीत उघडा पडला, तर निदान कुणीतरी गहिवरावं, अशी त्याची अपेक्षा होती.

"मी कशाला उपाशी झोपेन?" आई म्हणाली. "मी उजेडातच जेवून घेते. या वयात उशिराचं पचतं का? पण तू दमून यायचास, तोंड सुकलेलं, घरी अळणी गिळावं लागतं म्हणायचास. मला वाटलं, पोराला घरी धड मिळत नाही. तू एकटा कसा जेवणार, म्हणून तुझ्याबरोबर मी पुन्हा बसायचे."

"पुन्हा?" तो म्हणाला.

बायको तिच्या पदराच्या टोकाकडे बघत होती. "मीही मुलीबरोबर आधीच जेवते," ती म्हणाली. "ती लवकर झोपते ना. पण तुम्ही एकटे ताटावर बसलेले मला बघवत नाही. म्हणून आणखी एकदा वाढून घ्यायचे. घशाखाली उतरत नाही वगैरे, ते आपलं बोलायचं म्हणून."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग नकळत एकमेकांच्या पोटांकडे बघितलं. निरीक्षकबाईंची नजर क्षणभर कोपऱ्यातल्या काट्याकडे गेली, पण त्या सभ्य होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. त्यांचे खांदे हलत होते.

"लबाड माणसाला हे सुचलं नसतं," शेवटी त्या म्हणाल्या. "प्रमाणपत्र राहील. पण गावातला एकूण एक मोठा काटा पुन्हा जुळवायचा, लोखंडाने. आणि यापुढे तुम्ही स्वतः कुठल्याही काट्यावर फक्त वजन करायला चढायचं."

परत येताना बायको त्याच्या चार पावलं पुढे चालली. दाराशी आल्यावर म्हणाली, "दोनदा जेवलात त्याचं मला काही नाही. पण मी विचारायचे, भाजी कशी झालीय, आणि तुम्ही म्हणायचात, वा. तेव्हा तुमच्या पोटात जागा तरी होती का?" वा म्हणताना त्याला खरं तर फक्त आडवं व्हायचं असायचं.

पुढचे काही आठवडे काटेवाला गंजलेली वजनं ढकलगाडीत घालून गावभर फिरला. प्रत्येक जिन्यावर त्याच्या नाकी नऊ आले. जिथे जिथे तो जाऊन आला तिथे तिथे माणसं रातोरात जाड झाली, आणि त्याचा राग लोकांनी जेवणावर नाही, काटेवाल्यावर काढला. न्हाव्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. वखारवाल्याला एकाएकी न्यायाची चाड आली आणि तो फसवणुकीबद्दल चढ्या आवाजात बोलू लागला. सडपातळ केंद्रात दोन बायका सुई बघून मटकन खाली बसल्या. काठीबाईंनी काटाच काढून टाकला आणि तिथे पाटी लावली: आम्ही आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. नावनोंदणी पूर्वीपेक्षा वाढली.

ज्या संध्याकाळी शेवटचा काटा जुळवून झाला, त्या संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे आईकडे गेला. चूल विझलेली होती, ओटा पुसलेला.

"जेवायला नाही वाढणार," आई म्हणाली. "नुसता बस."

तो बसला. ती बसली. मधे ताट नसल्यावर हातांचं काय करायचं हे दोघांनाही कळेना. इतकी वर्षं रोज भेटत होते, पण बोलणं सगळं वाढ, पुरे, अजून एक घास, एवढंच. आता त्याला आईचे हात दिसले. बोटं वाकडी झाली होती. ती कधी झाली, त्याला माहीत नव्हतं.

"तिच्या हातचं अळणी असतं, असं तूच म्हणायचास ना?" आईने विचारलं.

"म्हणायचो. आणि तिला सांगायचो, तुझं खारट असतं."

आईचा चेहरा उतरला. "मग खरं काय?"

आता खोटं बोलायला ताटही समोर नव्हतं. "दोघींचं मीठ सारखंच असतं, आई. चिमटीचाही फरक नाही. त्या दिवशी दोन पातेली ठेवलीत तेव्हाच मला कळलं होतं."

आईचे डोळे भरून आले, आणि ते रागाने की आणखी कशाने, हे त्याला ओळखता आलं नाही. "मग मेल्या, इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तोंडात घास असायचा," तो म्हणाला.

आई उठली. तिने खुंटीवरची शाल घेतली, चपला घातल्या आणि दाराला कडी लावायची म्हणून त्याला बाहेर यायला सांगितलं. "चल," ती म्हणाली. "तिला माझ्यासमोर सांग हे. जसं मला सांगितलंस तसंच."

दोन गल्ल्या ती दोघं सावकाश चालत गेली. काटेवाल्याने पहिल्यांदा तिला हात दिला, मग जिन्यात तिने त्याला दिला. वर खिडकीत दिवा होता आणि भांड्यांचा आवाज येत होता. अर्ध्या जिन्यात तो थबकला आणि पोटावर हात ठेवून उभा राहिला.

"काय रे, दुखतंय का?" आईने घाबरून विचारलं.

त्यालाही आधी तसंच वाटलं. आत काहीतरी ओढत होतं, गुरगुरत होतं. थोडा वेळ तो तसाच कठड्याला धरून उभा राहिला, आणि मग त्याला ओळख पटली. त्याला भूक लागली होती.